जुनिपर लावा, पण काळ्या मातीच्या वर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत कमी पाण्याच्या आणि कमी निगराणीच्या बागेविषयी जो लेख आला होता, त्यात हिरवळीऐवजी जमिनीवर पसरणारे जुनिपर हे सदाहरित झुडूप लावावे अशी शिफारस होती. हिरवळ कमी करावी या मूळ मुद्द्याशी मी पूर्ण सहमत आहे आणि जुनिपरलाही माझा विरोध नाही. मात्र हे झाड पाण्याचा ताण किती सोसते यावर लेखात जितका भर होता, तितका आपल्या पावसाळ्यावर नव्हता. इंदुरात जुनिपर मे महिन्याच्या उन्हाने क्वचितच मरते. ते मरते जुलै-ऑगस्टमध्ये, काळ्या मातीत मुळाशी पाणी साचून. एवढी एक गोष्ट सांगायची राहिली, तर लेख वाचून उत्साहाने रोपवाटिकेत जाणाऱ्या पुष्कळ वाचकांचे पैसे दिवाळीपर्यंत मातीत जातील, अशी भीती वाटते. आमच्या कॉलनीच्या बगिच्याची देखरेख बरीच वर्षे माझ्याकडे असल्यामुळे याविषयी थोडे सविस्तर लिहीत आहे.

आधी हिरवळीचा हिशेब पाहू. उन्हाळ्यात हिरवळ ताजी दिसायची असेल तर चौरस मीटरला रोज पाच लिटरच्या आसपास पाणी लागते. म्हणजे दोनशे चौरस मीटरच्या लहानशा बगिच्यालाही रोज हजार लिटर, आणि पाच दिवसांत पाच हजार लिटरचा एक टँकर रिकामा. ज्या शहराला १९७० च्या जनआंदोलनानंतर १९७८ साली नर्मदेचे पाणी मिळाले, जे पाणी आजही सुमारे सत्तर किलोमीटरवरच्या जलूदहून विंध्याचा चढ चढवून आणावे लागते आणि ज्याच्या कित्येक वस्त्यांत नळ अजून एक दिवसाआड येतो, त्या शहराने घराघरापुढे गवत पोसावे हे मला पटत नाही. ‘डग डग रोटी, पग पग नीर’ ही माळव्याची ख्याती आपल्या आजोबांच्या पिढीपर्यंत खरी असेल; आता बोअरिंग किती खोल गेले हे ज्याचे त्याला ठाऊक आहे. शुद्ध केलेले सांडपाणी बागांना द्यावे हा उपाय चांगलाच आहे, आणि २०२१ मध्ये ‘वॉटर प्लस’, म्हणजे सांडपाणी शुद्ध करूनच सोडणारे, ठरलेल्या आपल्या शहरात ते दिलेही जाते. पण तेही पुष्कळ ठिकाणी टँकरनेच येते आणि टँकर डिझेलवरच चालतो.

तेव्हा पर्याय हवा, यात वाद नाही. प्रश्न आहे तो जुनिपरचा स्वभाव काय आणि आपली जमीन कोणती, एवढाच.

जुनिपर हे सरूच्या कुळातले झाड आहे. आपल्या अंगणात दिसणारी मोरपंखीही त्याच कुळातली. काष्ठौषधींच्या दुकानात हाऊबेर म्हणून जी काळसर फळे मिळतात, ती जुनिपरच्याच एका जातीची. पश्चिम हिमालयात खूप उंचावर, जिथे मोठी झाडे संपतात, तिथे जुनिपरची ठेंगणी झुडपे दगडगोट्यांना बिलगून वाढलेली असतात. गालिच्यासारखे पसरणारे जे वाण जगभरच्या बागांतून लावले जातात, त्यांतले बरेचसे ज्युनिपेरस हॉरिझाँटॅलिस या जातीचे असून ती जात मुळात कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तर भागातील वाळूच्या व खडकाळ जमिनीवरची आहे. तिचा सर्वांत नावाजलेला ‘ब्लू रग’ हा वाण १९१४ मध्ये मेन राज्याच्या किनाऱ्यालगतच्या व्हायनलहेवन बेटावर सापडला. दहा-पंधरा सेंटिमीटरच उंची, दोन मीटरपर्यंत किंवा त्याहूनही अधिक पसारा आणि राखाडी निळसर रंग, यांमुळे तो लोकप्रिय झाला. हा इतिहास सांगायचे कारण असे की, ज्या जातीच्या मुळांना पिढ्यान्‌पिढ्या वाळू आणि खडक यांचीच सवय आहे, तिच्या मुळांना पाण्याची टंचाई चालते, पण पाण्यात उभे राहणे चालत नाही. पाऊस पडावा, निथळून जावा आणि मुळांच्या आसपास पुन्हा हवा खेळावी, हे त्या झाडाचे आयुष्य.

आता आपल्याकडची परिस्थिती पाहावी. इंदुरात वर्षाला सरासरी साडेनऊशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. खाली काळी माती. ही माती ओली झाली की फुगते, तिची छिद्रे मिटतात आणि पाणी आठवडेच्या आठवडे हलत नाही. उन्हाळ्यात तीच माती आकसून अशी तडकते की भेगेत मूठ सहज जाते, आणि त्या भेगांबरोबर बारीक मुळेही तुटतात. गव्हाला, हरभऱ्याला हीच माती सोन्यासारखी, कारण पावसाळ्यात साठवलेली ओल ती हिवाळाभर पुरवते. जुनिपरला मात्र नेमका तोच तिचा गुण मारक ठरतो. मुळांना हवा मिळाली पाहिजे हा मुद्दा या शहराला नवा असू नये. ज्यांनी १९२४ मध्ये इथे वनस्पतिसंशोधन संस्था उभारली आणि ज्यांच्या कंपोस्ट खताच्या पद्धतीला जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणतात, त्या अल्बर्ट हॉवर्ड यांच्या लिखाणात मातीतली हवा हा विषय वारंवार येतो. कंपोस्ट आपण लक्षात ठेवले, हवा विसरलो.

या झाडाच्या बाबतीत फसगत होण्याचे आणखी एक कारण आहे, आणि ते सदाहरितपणातच दडलेले आहे. झेंडू किंवा गुलाबाच्या मुळाला इजा झाली तर पाने त्याच दिवशी मान टाकतात. जुनिपरची बारीक, खवल्यांसारखी पाने पाणी फार सावकाश गमावतात, त्यामुळे मूळ कुजून गेल्यावरही वरचा भाग कित्येक आठवडे हिरवा राहतो. जुलैत मेलेले झाड सप्टेंबरमध्ये किंचित मळकट दिसू लागते आणि ऑक्टोबरच्या उन्हात एकाएकी तपकिरी होते. घरमालक म्हणतो, ऊन लागले. माळी म्हणतो, पाणी कमी पडले. आणि दोघे मिळून त्याच्या मुळाशी आणखी दोन बादल्या ओततात.

आमच्या जवळच्या एका नव्या टाउनशिपमध्ये फाटकापासून क्लब हाउसपर्यंत दुतर्फा जुनिपर लावले होते. ठेकेदाराने जूनच्या पहिल्या पावसात, वृक्षारोपणाचा मुहूर्त साधून, सपाट काळ्या जमिनीत हातभर खड्डे घेतले, त्यांत कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि शेणखत भरले आणि रोपे बसवली. भोवतालची माती घट्ट आणि खड्ड्यातला भराव मऊ असला की आसपासचे सारे पाणी खड्ड्यात उतरते आणि तिथेच थांबते. म्हणजे प्रत्येक रोप जणू पाण्याने भरलेल्या माठात बसवलेले. दिवाळीच्या सुमारास तिथल्या रहिवाशांनी मला बोलावले, तेव्हा निम्म्याहून अधिक रोपे वाळली होती. एक रोप उपटून पाहिले तर ते हाताला काहीही विरोध न करता वर आले. मुळे काळी पडली होती, आणि एक मूळ दोन बोटांच्या चिमटीत धरून ओढताच त्याची बाहेरची साल मोज्यासारखी निघून आली व आत दोऱ्याइतका पांढरा गाभा उरला. ज्यांना शंका असेल त्यांनी ही परीक्षा स्वतः करून पाहावी. मूळकूज ओळखायला याहून सोपी खूण नाही. उन्हाने वाळलेल्या झाडाची मुळे अशी सोलून निघत नाहीत, ती काडीसारखी कडक राहतात. टाउनशिपच्या समितीने अर्थात ठेकेदाराकडे विचारणा केली, आणि ‘हवा मानवली नाही’ एवढेच उत्तर तिला मिळाले.

हवा मानवते. तीव्र उन्हाळ्यातही इंदूर पठारावर, समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंचीवर असल्यामुळे इथल्या रात्री निमाड किंवा ग्वाल्हेरच्या मानाने बऱ्या असतात, आणि जुनिपरला दिवसाच्या उन्हापेक्षा रात्रीचा उकाडा अधिक जाचतो. वाण मात्र विचार करून निवडावा. ‘ब्लू रग’सारखे अतिथंड प्रदेशातले वाण इथे जगले तरी रेंगाळत वाढतात. त्यांच्यापेक्षा चिनी जुनिपरचे पसरट वाण, किंवा जपानच्या वाळूच्या किनाऱ्यावर वाढणारे ज्युनिपेरस कॉन्फर्टा, ही उष्णता अधिक सोसणारी आहेत. अडचण अशी की, आपल्याकडच्या रोपवाटिकांत पुष्कळदा नुसते ‘जुनिपर’ किंवा ‘गोल्डन जुनिपर’ एवढेच सांगितले जाते, आणि कुंडीत टोपलीभर दिसणारे रोप पुढे आडवे पसरेल की दोन-तीन मीटर उंच सुळका काढील, हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. रोपाच्या फांद्या मुळापासूनच जमिनीला धरून निघाल्या आहेत की वर उठून मग झुकल्या आहेत, एवढे तरी गिऱ्हाइकाने वाकून पाहावे.

लागवडीची जी पद्धत मला इथे यशस्वी होताना दिसली, ती अशी. खड्डा खणायचाच नाही. उलट जमिनीवर भर घालायची. मुरूम, जाड वाळू किंवा बारीक गिट्टी आणि थोडी माती यांचा दीड-दोन फूट उंचीचा उतरता वाफा करायचा, आणि त्यात मुरूम-गिट्टीचा वाटा निम्म्याहून अधिक ठेवायचा. या झाडाला श्रीमंत मातीची हौस नाही, त्यामुळे कंपोस्ट मूठपसा पुरते. शेणखताचा थर दिला तर पालवी लुसलुशीत आणि रोगाला बळी पडणारी निघते. ज्यांच्या घरापुढे रॅम्प, तळघराचा उतार किंवा दगडी बांधाची कड आहे, त्यांना तर वाफाही करायला नको. तिथे पाणी मुळात थांबतच नाही, आणि अशा उताराची माती धरून ठेवण्यात जुनिपर गवतापेक्षा सरस आहे. त्यातच उतारावर गवत कापण्याचे यंत्र चालवणे किती कटकटीचे आणि धोक्याचे, हे माळ्याला विचारावे.

रोपाची हुंडी, म्हणजे मुळांभोवतीचा गोळा, बहुधा चिकट लाल मातीची असते. ती जशीच्या तशी वाफ्यात ठेवली तर वाफा कोरडा आणि हुंडी ओली, किंवा वाफा ओला आणि हुंडी विटेसारखी कोरडी, असे विचित्र प्रकार होतात. म्हणून तिची बाहेरची माती हलक्या हाताने झाडून मुळे मोकळी करावीत. रोपाची मान, म्हणजे खोड आणि मूळ जिथे मिळतात ती जागा, वाफ्याच्या पातळीच्या किंचित वरच राहू द्यावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे लागवड जूनमध्ये न करता पाऊस पूर्ण ओसरल्यावर, नोव्हेंबर ते जानेवारीच्या दरम्यान करावी. तेव्हा ऊन सौम्य असते, जमीन अजून उबदार असते, आणि मे महिना येईपर्यंत मुळांना हातपाय पसरायला चांगले चार-पाच महिने मिळतात. सगळी झाडे पावसाळ्यातच लावायची ही आपली सवय आंबा-जांभळाला ठीक आहे. जुनिपरला ती घातक आहे.

‘निगराणी नको’ हे वाक्यही जरा तपासून घ्यावे लागेल. पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून एकदा, पण मुळापर्यंत पोहोचेल असे भरपूर पाणी द्यावेच लागते. त्यानंतर मात्र ते महिन्यातून दोन-तीन वेळा दिले तरी भागते, आणि हिरवळीच्या तुलनेत खरी बचत इथून पुढे सुरू होते. दोन रोपांत एक ते सव्वा मीटर अंतर ठेवावे लागते आणि ही झाडे सावकाश वाढत असल्यामुळे वाफा पूर्ण झाकायला तीन-चार वर्षे सहज जातात. तेवढ्या काळात मधल्या मोकळ्या जागेत हरळी, नागरमोथा आणि गाजरगवत यांचे राज्य सुरू होते. हरळी एकदा जुनिपरच्या फांद्यांखाली शिरली की तिला बाहेर काढणे म्हणजे शिक्षाच. पाने टोचतात, काहींच्या हातांवर पुरळही उठते, आणि वरून ओढलेली काडी तुटून खाली गाठ शिल्लक राहते. म्हणून लागवडीआधी वाफ्यातली आणि भोवतालची हरळी मुळासकट काढावी व मधल्या जागेवर दोन-तीन इंच गिट्टीचा थर द्यावा. लाकडाच्या ढलप्यांचे आच्छादन परदेशी चित्रांत छान दिसते, पण आपल्याकडे ते वाळवीला दिलेले आमंत्रण ठरते, आणि घराच्या भिंतीलगत तर ते नकोच.

छाटणीविषयी माळ्याला आवर्जून सांगावे लागते. मेंदी किंवा दुरांटाप्रमाणे जुनिपरची कड कात्रीने सरळ कापायची नसते. पाने नसलेल्या जुन्या लाकडावर या झाडाला पुन्हा फुटवा येत नाही. जिथे कात्री तपकिरी भागात गेली तिथे कायमचे भोक पडते. लांब गेलेली फांदी उचलून, तिच्या खालच्या हिरव्या उपफांदीजवळ कापली म्हणजे छेद झाकला जातो आणि झाड कापल्यासारखे दिसतही नाही. फेब्रुवारीत एकदा एवढे केले तरी पुरे. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत लाल कोळी ही पानांतला रस शोषणारी बारीक कीड पडते. पाने धुळकट, फिकट दिसू लागली की फांदीखाली पांढरा कागद धरून ती दोन-तीनदा झटकावी; कागदावरचे ठिपके चालू लागले तर तो कोळीच समजावा. औषध आणण्यापूर्वी चार-पाच दिवसांच्या अंतराने सकाळी नळीच्या जोरदार फवाऱ्याने झाड आतून-बाहेरून धुवावे, बहुधा तेवढ्याने काम भागते. आपल्या रस्त्यांवरची धूळ पाहता एरवीही महिन्यातून एकदा अंघोळ घातलेली बरी. कॉलनीतली कुत्री ज्या कोपऱ्यावर रोज पाय वर करतात, तो कोपराही तपकिरी होतो, आणि समितीच्या बैठकीत त्याचे खापर पुन्हा माळ्यावरच फुटते.

हे सर्व करूनही काही जागा अशा आहेत की तिथे जुनिपरचा विचारच करू नये. कडुनिंबाच्या किंवा तीनमजली इमारतीच्या सावलीत ते विरळ होत जाते. त्याला निदान सहा तासांचे थेट ऊन हवे. मुले खेळतात, मंडळी पाय मोकळे करायला येतात, तिथे ते तुडवले जाऊन मोडते. आणि सखल, पाणी साचणाऱ्या काळ्या जमिनीचे तर वर सांगितलेच. अशा सखल जागी मला जलपिंपळी फार भरवशाची वाटते. ओढ्याकाठी, तळ्याकाठी आपोआप उगवणारी ही आपली वेल जमिनीलगत राहते, पायाखाली टिकते, पावसात पाणी सोसते आणि उन्हाळ्यात खोल गेलेल्या मुळांवर तग धरते. तिची इवलीशी पांढरट जांभळी फुले मधमाश्यांना प्रिय असतात, त्यामुळे अनवाणी चालणाऱ्यांनी तेवढे जपावे. ती रोपवाटिकेत सहसा मिळत नाही, कारण फुकट मिळणारे रोप विकायचे कसे? एखाद्या तळ्याच्या काठावरून टोपलीभर काड्या आणून लावल्या की एका पावसाळ्यात कोपरा भरतो. दाट सावलीत मात्र ऑफिओपोगॉन किंवा बोट लिली लावावी.

थोडक्यात, जुनिपरची जागा आपल्या शहरात आहे, पण ती उतारांवर, उंच केलेल्या वाफ्यांत, उड्डाणपुलांच्या बाजूंच्या भरावावर आणि मुरमाड टेकाडांवर. रस्त्यांच्या दुभाजकांचे मला निश्चित सांगता येत नाही. जिथे दुभाजक उंच असून त्यात मुरमाची भर आहे तिथे ते जमेल, पण जिथे दोन कठड्यांच्या मध्ये काळी माती कोंबलेली आहे, तिथे पावसाचे पाणी निघायला वाट नसल्यामुळे झाडाचे काय होईल हे उघड आहे.

यावरून नगर निगमाच्या उद्यान विभागाला आणि ज्या गृहनिर्माण संस्था बागेची कामे ठेक्याने देतात त्यांना आपल्या पत्रामार्फत दोन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली ही की, निविदेत नुसते ‘जुनिपर, नग अमुक’ असे न लिहिता जातीचे व वाणाचे पूर्ण शास्त्रीय नाव आणि वाफ्याची उंची व भरावाचे प्रमाण लिहावे. दुसरी सूचना पैशांची आहे. आज लागवड झाली, रोपे हिरवी दिसली, छायाचित्र निघाले की बिल मंजूर होते. आणि हे झाड मेल्यावरही किती दिवस हिरवे राहते ते वर आलेच आहे. तेव्हा अशा सदाहरित लागवडीच्या बिलातली ठरावीक रक्कम दुसरा पावसाळा उलटून जाईपर्यंत राखून ठेवावी, आणि ती देण्यापूर्वी रोपे वरून न मोजता, चार-दोन ठिकाणी हलकेच ओढून पाहावीत.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक,
इंदूर